उभे राहिल्यावर बीपी का पडते? पार्किन्सन्सच्या गोळ्या आणि रक्तवाहिन्या

पार्किन्सन्स झालेले एक गृहस्थ नाश्ता करून उठतात, दोन पावले टाकतात आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून भिंतीला धरून उभे राहतात. घरचे त्यांना दवाखान्यात नेतात. तिथे खुर्चीत बसवून बीपी मोजले जाते, ते १३० बाय ८० भरते. ‘बीपी तर नॉर्मल आहे’ असे म्हणून चक्करची गोळी लिहून दिली जाते. बहुधा ती प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असते. दोन-तीन आठवड्यांनी अंधारी तशीच असते, पण अंगाचा ताठरपणा वाढलेला असतो आणि चाल आणखी मंदावलेली असते. आजार बळावला असे समजून लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा डोस वाढवला जातो. त्याने बीपी आणखी पडू लागते.

असे प्रसंग अनेक घरांत घडतात आणि त्यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते: बीपी बसवून मोजले, उभे करून मोजलेच नाही. उभे राहिल्यावर बीपी पडणे हा पार्किन्सन्समधला इतका नेहमीचा त्रास आहे की निरनिराळ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा तो सुमारे ३० टक्के रुग्णांत आढळला. न्यूरॉलॉजिस्ट त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. आजाराचा आणि त्यावरच्या गोळ्यांचा, दोन्हींचा त्यात हात असतो. शिवाय पायांवर सूज, मांड्यांवर जांभळट जाळी, गार पडणारी बोटे आणि क्वचित हृदयाच्या झडपा जाड होणे, असे रक्ताभिसरणाशी जोडलेले इतर परिणामही या औषधांपैकी काहींना आहेत. यांतले बहुतेक वेळीच ओळखले तर आटोक्यात येतात. त्यासाठी काय पाहावे, काय लिहून ठेवावे आणि काय अजिबात करू नये, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवे.

गोळी रक्तवाहिन्यांत काय करते

माणूस उभा राहतो तेव्हा अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांत खाली उतरते. निरोगी शरीरात नसा तात्काळ नॉरअॅड्रेनलिन सोडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडत नाही. हे सगळे काही सेकंदांत होते, माणसाला कळतही नाही.

पार्किन्सन्समध्ये फक्त मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत नाहीत. हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसांनाही हा आजार पोखरतो. म्हणून एकही गोळी न घेणाऱ्या रुग्णाचे बीपीसुद्धा उभे राहिल्यावर पडू शकते. गोळ्या त्यात भर घालतात.

लेव्होडोपा हे या आजारावरचे सर्वांत प्रभावी औषध. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी ते मोठ्या मात्रेत, हळूहळू वाढवत देऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांत मोठी सुधारणा घडवली. पण पोटात गेलेल्या लेव्होडोपाचा फार मोठा भाग मेंदूत पोचण्याआधीच डोपामिन होऊन जायचा. बाहेर तयार झालेल्या या डोपामिनने मळमळ, उलट्या व्हायच्या, मूत्रपिंड आणि आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावायच्या, लघवीवाटे मीठ जायचे आणि बीपी खाली यायचे. म्हणून लेव्होडोपाला कार्बिडोपाची जोड दिली गेली. कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही, ते मेंदूबाहेरचे रूपांतर रोखते. १९७५ पासून अमेरिकेत ही जोडगोळी मिळू लागली.

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो आपल्याकडच्या रुग्णांना थेट लागू पडतो. मेंदूबाहेरचे रूपांतर नीट थांबायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. भारतात सिंडोपा ११० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि फक्त १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असते. दिवसाला अशा तीन गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात जेमतेम ३० मिलिग्रॅम कार्बिडोपा जाते. सिंडोपा प्लसमध्ये तेवढ्याच लेव्होडोपाबरोबर २५ मिलिग्रॅम असते, म्हणजे तीन गोळ्यांत ७५. मळमळ आणि अंधारी दोन्ही त्रास असतील तर स्ट्रिपवरचे हे दोन आकडे वाचून न्यूरॉलॉजिस्टना विचारावे: ‘कार्बिडोपा पुरेसे पडते आहे ना?’ गोळी बदलण्याचा निर्णय मात्र त्यांचाच.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांना डोपामिन अॅगोनिस्ट म्हणतात. ती डोपामिनची नक्कल करतात. नसांच्या टोकांवर बसून ती नॉरअॅड्रेनलिन सुटणेही कमी करतात, त्यामुळे बीपी पाडण्यात ती अनेकदा लेव्होडोपापेक्षा पुढे असतात. डोस सुरू करताना आणि वाढवताना पहिले काही आठवडे जास्त जपावे लागते ते यामुळेच. सेलेजिलिन, रासाजिलिन ही औषधेही बीपी खाली आणू शकतात. एन्टाकॅपोन लेव्होडोपाचा परिणाम लांबवते, म्हणजे बीपीवरचा परिणामही लांबतो.

चक्कर हाच शब्द रुग्ण वापरेल असे नाही

कानाच्या आतल्या बिघाडाने येते ती गरगर वेगळी. त्यात खोली फिरते, कूस बदलली तरी त्रास होतो. बीपी पडल्याने येते ती अंधारी, भोवळ. ती उभे राहिल्यावर येते आणि बसले की, आडवे झाले की जाते. एवढा फरक घरच्यांनी विचारून घेतला तरी निदान अर्धे सोपे होते.

पण कित्येक रुग्ण अंधारीची तक्रारच करत नाहीत. त्यांची मान आणि दोन्ही खांदे दुखतात. दुखण्याची जागा शर्टाच्या हँगरच्या आकाराची असते, कारण उभे असताना तिथल्या स्नायूंना रक्त कमी पडते. कुणाला उभ्याने बोलताना शब्द सुचत नाहीत, कुणाला धूसर दिसते, कुणाचे पाय एकदम गळून जातात. आरतीला उभे राहिले की थकवा येतो आणि खुर्चीवर बसले की पाच मिनिटांत बरे वाटते, अशी तक्रार असली तर ती बीपीची असण्याची शक्यता मोठी. हाच थकवा ‘ऑफ’ काळाचा, म्हणजे गोळीचा असर ओसरल्याचा, समजला गेला तर एक गोळी जास्त घेतली जाते आणि त्रास वाढतो. दोन्हींतला फरक बीपीचे मशीनच सांगते.

घरी बीपी मोजण्याची रीत

दंडाला बांधायच्या पट्ट्याचे डिजिटल मशीन घ्यावे. मनगटाच्या मशीनचे आकडे कंप असलेल्या हातावर भरवशाचे नसतात. ज्या हाताला कंप कमी, त्या हातावर पट्टा बांधावा. मशीनने दोनदा एरर दिली तर हात उशीवर सैल टेकवून पुन्हा प्रयत्न करावा.

रुग्णाने आधी पाच मिनिटे शांत आडवे पडावे. त्या अवस्थेत बीपी आणि नाडी मोजावी. मग उभे राहावे. उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. पट्टा बांधलेला हात छातीच्या उंचीवर कुणीतरी धरून ठेवावा, लोंबता हात चुकीचा आकडा देतो. मागे खुर्ची ठेवावी आणि शेजारी माणूस हवा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन. बीपी बरेच पडूनही नाडी फारशी वाढली नाही, तर नसांच्या यंत्रणेचाच दोष असण्याची शक्यता अधिक. म्हणून नाडीचा आकडाही लिहावा.

वेळा महत्त्वाच्या. सकाळी उठल्याबरोबर, सकाळच्या गोळीनंतर तासाभराने, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे आठवडाभर मोजले की चित्र स्पष्ट होते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. वही लिहिण्याचे काम शुभंकराने घ्यावे. वहीतल्या एका सकाळची नोंद साधारण अशी असावी:

‘सकाळी ७, आडवे १४८/८६, नाडी ७०. उभे १ मिनिट १२६/७८, ३ मिनिटे ११८/७४, नाडी ७४. काही त्रास नाही. ७.३० ला गोळी. ८ ला पोहे, चहा. ९ वाजता आडवे १३८/८०. उभे ३ मिनिटे ९२/५८, नाडी ७६. मान दुखते, समोरचे धूसर दिसते, बसल्यावर बरे.’

या चार ओळींत डॉक्टरांना गोळीची वेळ, जेवणाचा परिणाम आणि नसांची अवस्था तिन्ही दिसतात. ‘हल्ली चक्कर येते’ या तक्रारीतून यातले काहीच कळत नाही.

औषधाशिवाय जे करता येते

सर्वांत स्वस्त आणि पटकन लागू पडणारा उपाय म्हणजे पाणी. सुमारे अर्धा लिटर, म्हणजे दोन मोठे पेले साधे पाणी तीन-चार मिनिटांत प्यायले तर अशा रुग्णांचे बीपी थोड्याच वेळात चढते आणि तासभर आधार देते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी हे पाणी प्यावे. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी जायला हवे. अनेक वृद्ध लघवीला वारंवार जावे लागते म्हणून पाणी तोडतात आणि तिथेच बीपी हातातून निसटते. संध्याकाळनंतर कमी आणि सकाळी-दुपारी जास्त, अशी वाटणी केली तर रात्रीचे उठणेही कमी होते.

मीठ वाढवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला असेल तर मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, तांदळाची पेज हे सोयीचे मार्ग आहेत. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र मीठ आपल्या मनाने वाढवू नये. एकादशी, नवरात्र, संकष्टीच्या उपवासात पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडतात. गोळ्या चालू असताना निर्जळी उपवास टाळावा आणि साध्या उपवासातही ताक, नारळपाणी घेत राहावे.

जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळते आणि दोन तासांपर्यंत बीपी कमी राहू शकते. भाताचा डोंगर आणि वर पुरणपोळी असे भरगच्च जेवण झाले की लगेच उठून फिरायला जाऊ नये. थोडे थोडे चार-पाच वेळा खावे, एका वेळी पिठूळ आणि गोड पदार्थ कमी ठेवावेत. मद्य रक्तवाहिन्या सैल करते, ते नकोच. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, असे बहुतेक डॉक्टर सांगतात, कारण डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिने गोळी शोषली जाण्याच्या आड येतात. गोळी आणि मोठे जेवण अगदी एकत्र घेतले तर दोन्हींचा बीपीवरचा परिणामही एकावर एक येऊ शकतो.

उठण्याची पद्धत बदलावी. आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, टाचा दहा-बारा वेळा उचलाव्यात, मुठी आवळाव्यात आणि मग आधार घेऊन उभे राहावे. उभ्याने अंधारी येऊ लागली तर पायावर पाय टाकून मांड्या घट्ट आवळाव्यात. जमत नसेल तर ताबडतोब खाली बसावे, पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पाटावर बसून जेवणे, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून एकदम उठणे, या दोन्ही वेळा धोक्याच्या. कमोड किंवा कमोडची खुर्ची आणि भिंतीला पकडायला दांडा, एवढी सोय करावी. शौचाला कुंथल्यानेही बीपी एकदम पडते. म्हणून बद्धकोष्ठतेवर इलाज हा बीपीच्या इलाजाचाच भाग आहे. पुरुषांनी रात्री लघवी बसून करावी.

कडकडीत पाण्याच्या आंघोळीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. पाणी कोमट असावे, आंघोळ स्टुलावर बसून करावी, आतून कडी लावू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हाच धोका दिवसभर असतो. तेव्हा बाहेरची कामे सकाळी उरकावीत. मांडीपर्यंतचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण ताठर हातांनी ते चढवणे अवघड जाते. पोटाचा रुंद पट्टा तुलनेने सोपा आणि पुष्कळदा जास्त गुणकारी, कारण उभ्याने रक्त साचते त्याचा मोठा भाग पोटात असतो. पट्टा उठण्यापूर्वी बांधावा आणि आडवे होताना सोडावा.

आडवे झाल्यावर चढणारे बीपी

या आजारात एक पेच असतो. उभ्याने ९० भरणारे बीपी आडवे झाल्यावर १६० भरू शकते. नसांचे नियंत्रण सैल झाले की बीपी दोन्हीकडे झुलते. रात्री सपाट झोपल्यावर बीपी चढले की मूत्रपिंडे जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात, रुग्ण तीन-चारदा लघवीला उठतो आणि सकाळी शरीरातले पाणी कमी झाल्याने बीपी सर्वांत खाली असते.

यावर साधा उपाय आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते नऊ इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवून काम होत नाही, त्याने फक्त मान वाकते. सारा पलंगच उतरता हवा. दुपारी वामकुक्षी सपाट झोपून घेण्यापेक्षा आरामखुर्चीत घ्यावी.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषध देतात. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, त्याने पाय सुजू शकतात आणि पोटॅशियम कमी होते, म्हणून रक्त तपासत राहावे लागते. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आवळते. त्याने डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्यासारखे होते, अंगावर काटा येतो. मिडोड्रिनचा शेवटचा डोस झोपण्याच्या किमान चार तास आधी संपलेला हवा, नाहीतर आडवे झाल्यावर बीपी फार चढते. अमेरिकेत ड्रॉक्सिडोपा या औषधाला याच त्रासासाठी २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

पाय सुजणे आणि पायावरची जाळी

प्रामिपेक्सोल किंवा अमांटाडीन सुरू केल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, दोन्ही घोट्यांवर सूज येते. बोटाने दाबले की खळगा पडतो. घरात हृदयाची शंका येते. हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड एकदा तपासून घेणे योग्यच. पण ते सगळे ठीक निघाले तर बोट औषधाकडे वळवावे. बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही पाय सुजवते. दोन गोळ्या मिळून सूज दुप्पट दिसते आणि दोष एकीलाच दिला जातो. या सुजेवर लघवी वाढवणारी गोळी फारशी लागू पडत नाही, उलट पाणी कमी होऊन उभे राहिल्यावरचे बीपी आणखी घसरते. डोस कमी करणे किंवा औषध बदलणे, हा खरा इलाज.

अमांटाडीनची गोष्ट वेगळी आहे. ते मुळात इन्फ्लुएंझावरचे औषध. १९६८ मध्ये बॉस्टनमध्ये फ्लूपासून बचाव म्हणून ते घेणाऱ्या एका ५८ वर्षांच्या बाईंना आपला पार्किन्सन्सचा कंप आणि ताठरपणा कमी झाल्याचे जाणवले आणि त्यांनी ते डॉक्टरांना सांगितले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६३ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. एका रुग्णाने बारकाईने पाहिले आणि सांगितले म्हणून हे औषध हाती आले. आज लेव्होडोपाने होणाऱ्या अनावर हालचालींवर ते विशेष वापरले जाते.

याच अमांटाडीनने मांड्यांवर, पोटऱ्यांवर जांभळट-लालसर जाळी उमटते. तिला लिव्हिडो रेटिक्युलॅरिस म्हणतात. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावल्याने ती दिसते, थंडीत अधिक ठळक होते आणि स्त्रियांत जास्त आढळते. ती दिसायला भीतिदायक असली तरी बहुधा निरुपद्रवी असते, औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत विरते. त्वचेवर जखम, व्रण किंवा काळपट चट्टा पडला, तर मात्र लगेच दाखवावे. अमांटाडीन लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडे कमजोर असलेल्या वृद्धात डोस कमी लागतो, क्रिअॅटिनिन पाहूनच तो ठरवावा.

ब्रोमोक्रिप्टिनने काहींची बोटे थंडीत पांढरी पडतात, काहींचे पाय लाल होऊन आग होते. बोटांचा रंग बदलला तर कधी, कशाने आणि किती वेळ, हे टिपून ठेवावे.

झडपांचा धडा

एर्गॉट या बुरशीजन्य द्रव्यापासून बनलेल्या पर्गोलाइड आणि कॅबर्गोलिन या अॅगोनिस्टांनी २००७ मध्ये जगाला सावध केले. त्या वर्षी जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन अभ्यास आले. इटलीतल्या अभ्यासात हृदयाच्या झडपा लक्षणीय गळत असल्याचे पर्गोलाइड घेणाऱ्या २३.४ टक्के आणि कॅबर्गोलिन घेणाऱ्या २८.६ टक्के रुग्णांत दिसले. ही औषधे न घेणाऱ्या तुलनेच्या गटात ते प्रमाण ५.६ टक्के होते आणि प्रामिपेक्सोल-रोपिनिरोलसारखी एर्गॉट नसलेली औषधे घेणाऱ्यांत एकही रुग्ण नव्हता. झडपांवरच्या ५-एचटी-२-बी या सेरोटोनिन रिसेप्टरला ही औषधे चेतवतात आणि झडप जाड, आखूड होते. मार्चमध्ये पर्गोलाइड अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले.

आज पार्किन्सन्ससाठी एर्गॉटवर्गीय औषध क्वचितच निवडले जाते. पण जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे तशीच चालू राहिलेली असू शकते. ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबर्गोलिन चालू असेल तर ते कशासाठी आहे हे विचारावे आणि इकोकार्डिओग्राम केव्हा झाला ते पाहावे. प्रोलॅक्टिन कमी करण्यासाठी कॅबर्गोलिनचा डोस आठवड्याला एखादा मिलिग्रॅम इतका लहान असतो, त्याची भीती पार्किन्सन्सच्या रोजच्या मोठ्या डोसाइतकी नसते.

पिशवीतल्या इतर गोळ्या

पन्नाशीत बीपी निघाले, टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन सुरू झाले आणि पासष्टीला पार्किन्सन्स झाला. आता आजार आणि त्याच्या गोळ्या दोन्ही बीपी खाली ओढत आहेत आणि जुन्या बीपीच्या गोळ्या तेवढ्याच चालू आहेत. हे चित्र फार ठिकाणी दिसते. अशा वेळी बीपीची गोळी कमी करणे किंवा रात्री देणे एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो. प्रोस्टेटसाठीचे टॅम्सुलोसिन, बीपीसाठीचे प्राझोसिन, लघवीची गोळी, छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी, नैराश्यावरची अॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी गोळी आणि सिल्डेनाफिल, ही सगळी उभ्याने बीपी पाडतात. हृदयाची गोळी हृदयतज्ज्ञ, प्रोस्टेटची यूरॉलॉजिस्ट आणि पार्किन्सन्सची न्यूरॉलॉजिस्ट देतात. सगळ्यांची यादी एका कागदावर कुणीच करत नाही. ती घरच्यांनी करावी.

चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन आणि मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड पार्किन्सन्सच्या रुग्णाला देऊ नये. ही औषधे मेंदूतले डोपामिनचे काम अडवतात. सिनारिझिन तर दीर्घकाळ घेतल्यास निरोगी वृद्धातही पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करते. मळमळीसाठी बहुधा डॉम्पेरिडोन दिले जाते, तेही कमी मात्रेत आणि हृदयाची लय पाहून. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉल, पेथिडिन ही वेदनाशामके टाळायची असतात. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीत अनेकदा फिनाइलएफ्रिन असते, तिने अशा रुग्णाचे बीपी चढू शकते. केमिस्टला पार्किन्सन्सच्या गोळ्यांची नावे आधी सांगावीत. कुठल्याही ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांनाही सांगावीत.

खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण, म्हणजे कपिकच्छू, पुष्कळ घरांत सुरू असते. १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळे केले होते. म्हणजे हे चूर्ण निव्वळ टॉनिक नाही, त्यात तेच औषध आहे. सिंडोपासोबत चमचाभर चूर्ण घेणे म्हणजे न मोजता डोस वाढवणे. वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही एकमेकांची औषधे दाखवावीत.

बी-१२ तपासा

लेव्होडोपा शरीरात मोडताना होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते. बी-१२ आणि फोलेट कमी असेल तर ते आणखी साचते. होमोसिस्टीन जास्त असणे रक्तवाहिन्यांच्या विकारांशी जोडले गेले आहे. ते कमी केल्याने हृदयविकार नक्की टळतो असे सिद्ध झालेले नाही. तरी आपल्याकडे ही तपासणी टाळू नये, कारण पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघाले होते. बी-१२ च्या कमतरतेने पायांच्या नसा बधिर होतात, तोल जातो आणि उभ्याने बीपीही पडू शकते. वर्षातून एकदा तपासणी आणि कमतरता असेल तर पूरक गोळी किंवा इंजेक्शन, एवढे पुरते.

थांबू नये अशा वेळा, आणि थांबवू नये अशी गोळी

शुद्ध हरपली, छातीत दुखते आहे, धाप लागते आहे, एकाच पायाला सूज येऊन तो दुखतो आहे, तोंड वाकडे झाले किंवा एक हात उचलत नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोके आपटले, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. आडवे असताना बीपी वारंवार १८० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. नुसती अंधारी येऊन रुग्ण खाली बसला असेल तर त्याला सपाट झोपवून पाय उंच करावेत. शुद्ध नीट असेल, गिळायला अडचण नसेल तर पाणी द्यावे आणि बीपी मोजून वेळ लिहावी.

पण बीपी पडते म्हणून पार्किन्सन्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. लेव्होडोपा किंवा अॅगोनिस्ट एकदम थांबवले तर अंग लाकडासारखे ताठ होते, कडक ताप चढतो, शुद्ध हरपते आणि जीवही जाऊ शकतो. अमांटाडीनही अचानक सोडू नये. डोस कमी करायचा असेल तर तो पायरीपायरीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पुष्कळदा तो कमी करावा लागतही नाही. इतर गोळ्यांची छाटणी, पाणी, पलंगाखालच्या विटा आणि गोळीच्या वेळांची फेरमांडणी यांनी बीपी सावरते आणि चालणे-फिरणेही टिकते.

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळही रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणून मार्गदर्शन करतात. ज्यांच्या घरात हा आजार नव्याने आला आहे त्यांनी अशा गटाशी जरूर जोडून घ्यावे. आणि पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना तीन गोष्टी न विसरता न्याव्यात: आठवडाभराच्या बीपीची वही, चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत आणि एक विनंती, ‘डॉक्टर, बीपी आडवे करून आणि उभे करून, दोन्ही वेळा मोजाल का?’